जुन्या इंजिनाची पत

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुना पिकअप विकायला निघाला, की गिऱ्हाईक रंग, टायर आणि केबिनकडे नंतर पाहते. पहिले प्रश्न असतात ते इंजिनाचे. इंजिन ‘बांधलेले’ आहे का, ऑईल खाते का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी ‘साधी’ आहे की ‘सेन्सरवाली’? यांत्रिक इंधनपंपावर चालते ती साधी आणि संगणकीय नियंत्रणावर चालते ती सेन्सरवाली, अशी ही सुटसुटीत विभागणी. वाहन कारखान्यांच्या लेखी साधी गाडी केव्हाच इतिहासजमा झाली आहे. गावोगावच्या मालकांच्या लेखी मात्र तिची पत अद्याप टिकून आहे.

ही पत खऱ्या गुणांची की नुसत्या सवयीची, हा प्रश्न वरकरणी गॅरेजमधल्या गप्पांचा वाटेल. तथापि जुन्या वाहनांच्या तपासणीचे वाढते शुल्क, भंगार धोरण, शहरांची बिघडलेली हवा आणि नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता हे सारे धागे याच प्रश्नाशी येऊन मिळतात. एका पिकअपवर एक कुटुंब चालते, अशी या भागातील अनेक घरांची स्थिती आहे. म्हणूनच मालकांचे मत काय आणि त्यात तथ्य किती, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

दोन महामार्गांमधला मुलूख

शिरूर तालुक्यातून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो, तर दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग. दोन्हींच्या मध्ये भीमा नदी. चासकमान आणि घोड प्रकल्पांच्या पाण्यावर शिरूरची, तर खडकवासल्याच्या कालव्यावर दौंडची बागायती वाढली. ऊस, कांदा, भाजीपाला, दूध आणि गूळ ही येथील मालवाहतुकीची मुख्य ओझी. केडगावचा कांदा बाजार, दौंड परिसरातील गुऱ्हाळे, भीमेपलीकडचा काष्टीचा जनावरांचा बाजार आणि पुण्यातील गुलटेकडीचे मार्केट यार्ड अशा ठिकाणांमध्ये पिकअपच्या खेपा चालतात. रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींमुळे परतीचे भाडेही मिळू लागले.

या वाहतुकीचे स्वरूप लक्षात घेतल्याखेरीज इंजिनाविषयीची मते समजत नाहीत. माल शेताच्या बांधावर भरला जातो. तेथून डांबरी रस्त्यापर्यंतचा पहिला टप्पा मुरमाचा किंवा काळ्या मातीचा. मग महामार्गावर वेगाची अपेक्षा, आणि शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीत पुन्हा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तिष्ठणे. भाजीचा भाव पहाटे ठरतो. त्या वेळेआधी गाडी पोचली नाही तर नुकसान शेतकऱ्याचे आणि बोल मात्र गाडीवाल्याला. सबब येथील मालकाच्या दृष्टीने इंजिनाची पहिली कसोटी वेगाची नाही. रात्री दोन वाजता ते सुरू होते की नाही आणि वाटेत बंद पडले तर पहाटेपूर्वी पुन्हा चालू करता येते की नाही, ही ती कसोटी होय.

घराणे ट्रॅक्टरचे, माप इंचांचे

या भागात ‘पिकअप’ हा शब्द आता बहुतांशी महिंद्राच्या गाडीसाठीच वापरला जातो. त्याआधी हाच मान ‘टेम्पो’ या शब्दाला होता. तो शब्दही मुळात एका व्यापारी नावाचा. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या फिडाल कंपनीच्या ‘टेम्पो’ गाड्या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने भारतात आणल्या आणि मराठीत प्रत्येक लहान मालवाहू गाडी टेम्पो झाली. याच कंपनीच्या मॅटाडोरने पुढे मर्सिडीझ घराण्याचे डिझेल इंजिन खेड्यापाड्यांत नेले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले; पण आकुर्डीच्या त्या इंजिनाची आठवण काढणारे जुने चालक दोन्ही तालुक्यांत भेटतात.

टाटांच्या २०७ डीआय या गाडीचे इंजिन ‘४९७’ या नावाने ओळखले जाई. चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास, असा त्या आकड्याचा सरळ अर्थ. क्षमता २,९५६ घनसेंटीमीटर. महिंद्राच्या जीपगाड्यांत आलेल्या प्यूजो परवान्याच्या ‘एक्सडीपी ४.९०’ इंजिनाचे नावही याच रीतीचे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर. मालकांच्या तोंडी सर्वाधिक नाव असलेले महिंद्राचे २,५२३ घनसेंटीमीटरचे डीआय इंजिन मात्र वेगळ्या वाटेने आले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. हे विचित्र अपूर्णांक इंचांत मांडले की साडेतीन आणि चार असे पूर्ण उतरतात. इंच-मापाचा हा वारसा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांचा. या अमेरिकन कंपनीशी महिंद्राने १९६३ मध्ये भागीदारी केली आणि बी-२७५ ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागला. नांगरटीच्या घराण्यातले इंजिन मालवाहतुकीला जुंपले गेले, असे म्हणता येईल.

त्याचे गुणदोषही त्या घराण्याचेच. धाव व्यासापेक्षा मोठी असल्याने इंजिन संथ फिरते, पण कमी फेऱ्यांत जोर देते. टर्बोजोड असलेल्या डीआय इंजिनाची शक्ती ३,२०० फेऱ्यांना जेमतेम ६३ अश्वशक्ती होती. त्याचा १८० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर मात्र दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच मिळे. शेतातून भरलेली गाडी बाहेर काढताना उपयोगी पडतो तो हा जोर. महामार्गावर पुढच्या गाडीला मागे टाकायचे तर हेच इंजिन हताश करते.

मालकांच्या हिशेबातील जमा आणि खर्च

जुन्या इंजिनाच्या बाजूने मालक जे सांगतात त्याचा गोषवारा चार मुद्द्यांत मांडता येतो. पहिला मुद्दा दुरुस्तीचा. यांत्रिक पंप, नोझल, लायनर, पिस्टन, हेड गॅस्केट हे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि मेस्त्री ते आवाजावरून ओळखतो. बिघाड कोठे आहे हे सांगण्यासाठी संगणक लागत नाही. दुसरा मुद्दा पुनर्जन्माचा. लायनर बदलून, क्रँक घासून, बेअरिंगे नवी टाकून इंजिन पुन्हा बांधता येते आणि हा खर्च आधी अंदाजता येतो. तिसरा मुद्दा सोशिकतेचा. निकृष्ट डिझेल, जुने ऑईल आणि क्षमतेहून अधिक ओझे हे इंजिन बराच काळ निमूटपणे सोसते. चौथा मुद्दा कर्जमुक्तीचा. गाडीचे हप्ते फिटलेले असल्याने कांद्याचा भाव पडलेल्या हंगामात ती चार आठवडे उभी राहिली तरी बँकेचा माणूस दारात येत नाही.

यातील डिझेलचा मुद्दा क्षुल्लक मानता येणार नाही. रॉकेलची भेसळ हा महाराष्ट्रातील जुना व संघटित धंदा होता. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले, तेव्हा त्याचे भीषण रूप देशापुढे आले. अशा इंधनावरही चालत राहणारे इंजिन ही त्या काळी गरज होती. उलट कॉमन रेल पद्धतीत डिझेल हजार-दीड हजार पट वातावरणीय दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. त्यात पाणी अथवा कचरा गेला तर इंजेक्टर निकामी होतो आणि तो रस्त्याकडेला साफ करून भागत नाही.

खर्चाची बाजूही मालक लपवीत नाहीत. आवाज आणि थरथर एवढी, की लांबच्या खेपेनंतर चालकाचे अंग दुखते. सांध्यांतून ऑईल पाझरणे ही नित्याची तक्रार. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, कोंडीत सापडले तर इंजिन तापते. रेडिएटरकडे दुर्लक्ष झाले असेल तर हेड गॅस्केट जाते. चढावर काळा धूर निघतो. शिवाय जे इंजिन जादा ओझे सोसते, त्याच्या मागचे क्लच, गिअरबॉक्स, पाटे आणि ब्रेक ते तितके सोसत नाहीत. इंजिनाच्या कौतुकात हा खर्च पुष्कळदा वेगळ्या वहीत मांडला जातो.

येथे लहान गाड्यांची तुलना उद्बोधक आहे. मे २००५ मध्ये टाटांनी ‘एस’ बाजारात आणली. ७०२ घनसेंटीमीटर, दोन सिलिंडर आणि १६ अश्वशक्तीच्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. तीनचाकी चालविणाऱ्या हजारोंना तिने चार चाकांवर आणले. शिरूर-दौंडमध्येही तिचा सुळसुळाट झाला. पण कांद्याच्या पूर्ण भरलेल्या गाडीचे काम तिचे नव्हे, हे मालकांनी लवकरच ओळखले. ताकदीचा प्रश्न निव्वळ आकड्यांचा नसून कामाशी जुळण्याचा असतो, हा धडा त्यातून मिळाला.

टिकलेल्या गाड्यांची साक्ष

मालकांची ही मते अनुभवसिद्ध आहेत. म्हणून ती पूर्ण सत्य ठरतात असे मात्र नव्हे. आज रस्त्यावर दिसणारी वीस वर्षांची गाडी ही त्या पिढीतील टिकलेली गाडी असते. तिच्याबरोबरच्या ज्या गाड्या अपघातात, दुर्लक्षात अथवा कर्जाच्या थकबाकीत संपल्या, त्या साक्ष द्यायला उरलेल्या नाहीत. त्यामुळे ‘जुन्या गाड्या टिकतात’ या विधानात ‘ज्या टिकल्या त्या टिकाऊ होत्या’ एवढाच अर्थ पुष्कळदा भरलेला असतो.

दुसरे असे, की जुने इंजिन बंद पडत नाही असे नाही. ते बंद पडल्यावर पुन्हा चालू करता येते. या दोन गोष्टींमधील फरक महत्त्वाचा आहे. अभियंत्यांच्या भाषेत विश्वासार्हता म्हणजे बिघाड न होणे आणि दुरुस्तीसुलभता म्हणजे बिघाड झाल्यावर लवकर सावरणे. नवे इंजिन पहिल्या कसोटीवर बहुधा सरस असते, जुने दुसऱ्या. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि ज्याचे जवळचे अधिकृत सेवा केंद्र तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, तो साहजिकच दुसऱ्या कसोटीला अधिक गुण देतो. ज्याच्याकडे दहा गाड्या आहेत आणि कारखान्याशी वार्षिक करार आहे, तो पहिलीला देतो. म्हणून रांजणगावच्या वसाहतीत माल पोचविणारा वाहतूकदार आणि केडगावला कांदा नेणारा मालक-चालक यांची एकाच इंजिनाविषयीची मते भिन्न असली तर त्यात नवल नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

याच शिरूर तालुक्यातील रांजणगावात आधुनिक डिझेल इंजिने तयार होतात, हा योगायोग येथे नमूद करावासा आहे. फियाटच्या तेथील प्रकल्पात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. तिचे २,००० घनसेंटीमीटरहून किंचित लहान डिझेल इंजिन १७० हून अधिक अश्वशक्ती देते, म्हणजे जुन्या डीआय पिकअपच्या पावणेतीन पट. गुणवत्तेचा हा टप्पा तालुक्याच्या हद्दीत आहे. ते इंजिन दुरुस्त करण्याचे ज्ञान मात्र तालुक्याच्या गॅरेजात त्या वेगाने पोचलेले नाही. दरी आहे ती ही.

नव्याविषयीच्या नाराजीलाही एक अपवाद नोंदवला पाहिजे. महिंद्राच्या पिकअपमध्ये बीएस-६ काळातही २,५२३ घनसेंटीमीटरचेच इंजिन राहिले. शक्ती ७५ अश्वशक्तीपर्यंत आणि जोर २०० न्यूटन-मीटरपर्यंत वाढला. म्हणजे मालक ज्याला ‘जुने इंजिन’ म्हणतात त्याचा सांगाडा पूर्णपणे मोडीत निघालेला नाही. बदलली ती इंधन फवारण्याची आणि धूर शुद्ध करण्याची पद्धत. वाद लोखंडाचा नसून वायरिंगचा आहे, असे एखादा मेस्त्री म्हणाला तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

धुराचा हिशेब

धूर का शुद्ध करावा लागला, याचे उत्तर मालकांच्या वहीत नसते. देशभरात बीएस-२ मानके २००५ पर्यंत आणि बीएस-३ मानके २०१० मध्ये लागू झाली. त्याच २०१० मध्ये तेरा शहरांत बीएस-४ आले. त्या यादीत पुणेही होते आणि सोलापूरही. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या महामार्गावरचा दौंड तालुका मात्र यादीबाहेर होता. शहरात एक मानक आणि शहराला भाजी पुरविणाऱ्या गावात दुसरे, अशी ही काही वर्षांची स्थिती. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले.

फरक केवढा, हे डिझेल मोटारींच्या मर्यादांवरून ध्यानात येते. बीएस-२ मध्ये काजळीची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम होती; बीएस-६ मध्ये ती ०.००४५ ग्रॅम झाली. मालवाहू गाड्यांचे आकडे निराळे असले तरी दिशा हीच. डिझेलमधील गंधकही बीएस-३ मधील ३५० भागांवरून दहा लाखांत दहा भागांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला. पुण्याचे नाव राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहरांत आहे. पहाटे मार्केट यार्डात रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा धूर प्रथम जातो तो हमालांच्या, चालकांच्या आणि भाजी विकत घेणाऱ्यांच्या छातीत. इंजिनाच्या सोशिकतेचे कौतुक करताना या माणसांच्या सोशिकतेचाही विचार व्हायला हवा.

मात्र येथेही एक व्यावहारिक अडचण आहे. बीएस-६ गाडीतील काजळी अडविणारी गाळणी स्वतःला जाळून साफ करते. त्यासाठी इंजिन काही काळ सलग तापलेले असावे लागते. शेत ते गाव, गाव ते बाजार अशा तुटक आणि संथ खेपांत ही सफाई अपुरी राहू शकते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन आपली शक्ती आवरते घेते आणि मालकाचा नव्या तंत्रावरचा अविश्वास दृढ होतो. हा दोष यंत्राचा जितका, तितकाच ते कसे चालवावे हे विक्रीच्या वेळी समजावून न सांगण्याच्या पद्धतीचा.

वयाचा कायदा की प्रकृतीचा?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले. पुणे जिल्ह्यात तसा सरसकट निर्बंध नाही. येथे दबाव आहे तो खर्चाचा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते. महाराष्ट्रात तिला पर्यावरण करही भरावा लागतो. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पंधरा वर्षांवरील वाहनांच्या तपासणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढविले. जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढून नवी घेणाऱ्या मालवाहतूकदाराला मोटारवाहन करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूदही त्याच वर्षी झाली.

हेतू योग्य असला तरी हिशेब मालकाच्या बाजूने पाहिला पाहिजे. करातील सवलत नव्या गाडीच्या किमतीच्या तुलनेत अल्प असते. भंगाराची किंमत हाती पडते ती लोखंडाच्या वजनाची. चालू गाडी मात्र दरमहा भाडे मिळवून देत असते. हंगामी उत्पन्नावर मासिक हप्ता बांधून घेणे हे जोखमीचे काम. त्यातून निघणारा मार्ग बहुधा जादा ओझ्याचा असतो: हप्ता भरायचा म्हणून खेपेला जास्त माल. २०१९ च्या मोटारवाहन सुधारणा कायद्याने जादा ओझ्यासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी दोन हजार असा दंड ठेवला आहे. म्हणजे जुनी गाडी ठेवली तर शुल्क, नवी घेतली तर हप्ता आणि हप्त्यापायी दंडाची भीती, अशा त्रांगड्यात छोटा मालक सापडतो.

यातून मार्ग काढायचा तर कायद्याने गाडीच्या वयापेक्षा तिच्या प्रकृतीला अधिक महत्त्व द्यावयास हवे. चांगल्या राखलेल्या बारा वर्षांच्या इंजिनाचा धूर हयगय केलेल्या सहा वर्षांच्या इंजिनापेक्षा कमी असू शकतो. धुराची तपासणी प्रामाणिक असेल तर हा फरक कागदावर उमटेल. आज रस्त्याकडेला मिळणाऱ्या पीयूसी प्रमाणपत्रावर मालकाचाही विश्वास नसतो. पंपाची आणि नोझलची योग्य जुळणी, हवेच्या फिल्टरची स्वच्छता आणि ओझ्याची मर्यादा एवढ्या तीन गोष्टींनी जुन्या इंजिनाचा काळा धूर बराच आटोक्यात येतो. अशा दुरुस्तीचे प्रमाणपत्र देणाऱ्या मालकाला शुल्कात काही सूट मिळाली, तर दंडापेक्षा तिचा परिणाम अधिक होईल.

दुसरी गरज मेस्त्रींच्या शिक्षणाची. नव्या इंजिनाविषयीची भीती बव्हंशी दुरुस्तीच्या परावलंबनाची आहे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉमन रेल, सेन्सर आणि धूरशुद्धीकरण यंत्रणेचे अल्पमुदतीचे वर्ग कामावरच्या मेस्त्रींसाठी संध्याकाळी चालविता येतील. जिल्ह्यातील वाहन उद्योगाला त्यात हातभार लावणे अवघड नाही. त्यांच्याच गाड्यांची पत त्यातून वाढणार आहे. तिसरी गोष्ट कर्जाची. ऊस आणि कांद्याच्या हंगामाशी जुळणारे हप्ते ठरविता आले, तर जादा ओझ्याचा मोह कमी होईल.

शिरूर-दौंडच्या मालकांनी जुन्या इंजिनाला दिलेली पत ही मुख्यतः तीन गोष्टींची आहे: ते कळते, ते जवळच दुरुस्त होते आणि त्याच्यावर कोणाचे कर्ज नाही. या तीनही गोष्टी नव्या गाडीला मिळवून देता आल्या, तर भंगाराच्या केंद्राकडे जाण्यासाठी मालकांना ढकलावे लागणार नाही. त्या न देता केवळ शुल्क वाढवीत राहिल्यास जुन्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा होतीलच असे नाही. त्या पासिंगविना, विम्याविना, रात्रीच्या आडरस्त्याने धावत राहतील, आणि मग त्यांच्या धुराचाही हिशेब लागणार नाही, की अपघाताचाही.